जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स : अध्यक्षपदानंतरची सतरा वर्षे

मंडळी, राष्ट्राध्यक्ष म्हटला की आपण त्याची व्हाइट हाऊसमधली वर्षे मोजतो. अमेरिकेचे सहावे अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांच्या बाबतीत ती मोजून फारसे हाती लागत नाही. 1824 साली निर्वाचक मते जॅक्सन यांना 99, अ‍ॅडम्सना 84. बहुमत कुणालाच नाही. निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. तिथे हेन्री क्ले यांनी अ‍ॅडम्सना पाठिंबा दिला आणि पुढे तेच परराष्ट्रमंत्री झाले. झालं! सौद्याचा बोभाटा चार वर्षं थांबला नाही. 1828 मध्ये जॅक्सननी त्यांना हरवलं.

खरी गोष्ट पुढेच आहे. 1830 मध्ये हा माजी अध्यक्ष साधा प्रतिनिधी म्हणून निवडून आला. 1836 साली सभागृहाने ठरवले, की गुलामगिरीविषयीचे अर्ज न छापता, न चर्चा करता बाजूला ठेवायचे. अ‍ॅडम्स त्यावर तुटून पडले. त्यांचा मुद्दा नीट पाहा हं. अर्ज मान्य करणे वेगळे आणि ऐकून घेणे वेगळे; ऐकायचेच नाही असे ठरवले, की प्रजासत्ताकात उरते काय? 1837 मध्ये त्यांनी सभापतींना विचारलं, गुलामांच्या नावाने एक अर्ज आलाय, तो या नियमात बसतो का? सभागृहात गदारोळ. ठपका ठेवण्याची भाषा. मग कळलं, अर्ज गुलामगिरी मोडण्याच्या विरोधातलाच! म्हातारा खट्याळ होता. पण गुलामाला अर्ज करता येतो का, हा प्रश्न त्याने सभागृहात आणलाच.

1841 मध्ये ‘अमिस्ताद’ जहाजावरील आफ्रिकनांसाठी ते, वयाच्या 73 व्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. खांबावरच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याकडे बोट दाखवून बोलले. ती माणसे सुटली.

आता अडचण सांगतो, कारण चरित्रकार इथून भरभर पुढे जातात. 1812 च्या युद्धात ब्रिटिशांबरोबर निघून गेलेल्या गुलामांची भरपाई मालकांना मिळावी, म्हणून याच अ‍ॅडम्सनी ब्रिटनशी वर्षानुवर्षे वाद घातला होता. पैसे मंजूर झाले ते 1826 मध्ये, म्हणजे त्यांच्याच कारकिर्दीत. तेव्हा ती माणसे त्यांच्या लेखी मालमत्ता होती का? पदाचे कर्तव्य म्हणून केले, असे म्हणता येईल. मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही.

तो नियम डिसेंबर 1844 मध्ये रद्द झाला. 21 फेब्रुवारी 1848 रोजी अ‍ॅडम्स सभागृहातच कोसळले आणि दोन दिवसांनी सभापतींच्या दालनात वारले. त्या सभागृहात इलिनॉयचा एक नवखा सदस्य होता, अब्राहम लिंकन.