नऊवारी वाळत घालायची कुठे?

वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची खोली 160 चौरस फुटांची. त्यात माणसं आठ, मोरी एक आणि पाणी ठरावीक वेळीच.

1920च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं या सिमेंटच्या चाळी उठवल्या. गिरगावातल्या जुन्या चाळींना पुढे गॅलरी असे. कठड्यावर धोतर टाकलं की काम झालं. इथे बोळ मधोमध, दोन्ही अंगांना खोल्या. ऊन हवं तर खिडकीबाहेर! मग लोकांनी खिडक्यांबाहेर दांडे काढून दोऱ्या ताणल्या. नकाशा काढणाऱ्या साहेबानं एकाही बाईला विचारलं नसणार.

पावसाळ्यात सगळा बारदाना आत यायचा. छताला बांबू टांगलेला. आजी ओल्या नऊवारीची घडी घालायची, काठीच्या टोकावर तोलून बांबूवर सरकवायची आणि मग काठीनंच एकेक पदर सोडवत, सुरकुत्या काढत काठ समोरासमोर आणायची. खाली स्टो पेटलेला, त्यामुळे गिरणीत जाणाऱ्या वडिलांच्या सदऱ्याला साबणापेक्षा फोडणीचाच वास जास्त.

1969मध्ये करसनभाई पटेलांनी अहमदाबादेत निरमा पावडर सुरू केली. ती आमच्याकडे पोहोचली तेव्हा वडी घासण्याचे कष्ट वाचले. पण भिजवलेल्या कपड्यांच्या बादल्यांनी मोरी अडायला लागली, आणि आंघोळीवरून भांडणं वाढली ती वेगळीच.

आता पुनर्विकासात 500 चौरस फुटांची घरं मिळताहेत. नकाशा हाती आला की हॉल किती मोठा ते मागाहून बघा. आधी दोरी कुठे बांधणार ते विचारा.