सुपा बुडाले, गुंद उरले: एका जबानीची कथा

सीमाप्रश्नाच्या कागदपत्रांत कारवार, सुपा आणि हल्याळ ही तीन नावे नेहमी एका दमात उच्चारली जातात. त्यांपैकी सुपा नावाचे गाव आज अस्तित्वात नाही. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमाजवळ वसलेले हे तालुक्याचे ठाणे धरणाच्या जलाशयाखाली गेले. कचेरी जोयड्याला हलली, अनेक कुटुंबे रामनगरला वसवली गेली आणि पुढे तालुकाही जोयडा म्हणूनच ओळखला जाऊ लागला. आपल्या निवेदनांत मात्र सुपा कायम आहे. (पुण्याजवळच्या, शहाजीराजांच्या जहागिरीतील सुप्याशी याचा संबंध नाही. ही गल्लत मी सभांमधून एकाहून अधिक वेळा ऐकली आहे.)

या प्रदेशाचे राज्यकर्ते वारंवार बदलले. सोंदे संस्थान १७६३च्या सुमारास हैदर अलीने जिंकले आणि तेथील राजाने गोव्यात पोर्तुगीजांचा आश्रय घेतला. १७९९ मध्ये टिपूचा पाडाव झाल्यावर मुलूख इंग्रजांकडे आला व मद्रास इलाख्याला जोडला गेला. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात आला, तर १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात. त्याच मद्रास इलाख्याच्या दुसऱ्या टोकाला, डोंगराच्या कुशीत, तिरुत्तणी हे मुरुगनच्या देवस्थानाचे गाव आहे. भाषावार रचनेत ते आंध्रात गेले होते. हरी विनायक पाटसकरांच्या निवाड्यानंतर, खेडे हा घटक धरून, १ एप्रिल १९६० रोजी ते मद्रास राज्यात परत आले. निवाडा देणारा मराठी, न्याय मिळाला तमिळांना, आणि तेच सूत्र आपल्या दाराशी येऊन अडखळले! महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला आणि २००४ मध्ये दाखल केलेला मूळ दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

परंतु आज मला दाव्याविषयी नव्हे, गुंदविषयी लिहावयाचे आहे.

जोयड्याहून उळवीकडे जाताना गुंद लागते. उळवीला चन्नबसवण्णांची समाधी आहे. बाराव्या शतकात कल्याणहून निघालेले शरण याच रानात विसावले, अशी श्रद्धा असल्यामुळे माघातल्या जत्रेला घाटमाथ्यावरून बैलगाड्या येतात. गुंदच्या भोवतीचे रान आज काळी व्याघ्र प्रकल्पात मोडते. सुपारीच्या बागा, भाताचे लहान लहान तुकडे आणि मध्ये विखुरलेली घरे असा हा मुलूख. बागायतदार हव्यक घरी कन्नडची हव्यक बोली बोलतात, गवळी-धनगर मराठीचे एक जुने वळण सांभाळून आहेत, आणि कुणबी बोलतात ती कोंकणी. गोव्यातील काणकोण-सांग्याच्या कुणब्यांशी त्यांची सोयरीक आहे आणि बोलीही त्यांच्याशीच जुळते. 'गुंद' कोणत्या भाषेतले, या वादात मी शिरणार नाही. स्थळनामावरून मालकी सिद्ध करण्याचा नाद दोन्ही बाजूंच्या विद्वानांना जडला आहे आणि न्यायालयात तो एक मिनिटही टिकत नाही.

येथील भाषेचा गुंता एका ताटात मावतो. शेतातल्या पिकाला कुणबी 'भात' म्हणतो आणि शिजवून वाढले की 'शीत'. आपण मराठीत पिकालाही भात म्हणतो, पानातल्यालाही भातच. आपल्याकडे शीत म्हणजे एकच दाणा, तोही प्रामुख्याने म्हणीत उरलेला. कन्नडमध्ये पीक ते 'भत्त' आणि पानात पडते ते 'अन्न'. म्हणजे पिकाच्या नावाबाबत कुणबी कन्नडच्या शेजारी बसतो आणि शिजलेल्याबाबत मराठीच्या जुन्या घरात. पाण्याला तो 'उदक' म्हणतो. आपल्याकडे हा शब्द पूजेच्या पळीपुरता राहिला. जनगणनेच्या तक्त्यात मात्र या माणसाला एकच रकाना मिळतो. या भागातील कोंकणी ही मराठीचीच बोली, असा युक्तिवाद आपल्या बाजूने दीर्घकाळ केला गेला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र मान्यता दिली, १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. त्यानंतरही आपण तोच युक्तिवाद जसाच्या तसा करीत राहावे हे मला पटत नाही, आणि हे मी चळवळीत राहूनच म्हणतो. कुणब्याचे बोलणे आपल्या बेरजेत धरण्यापूर्वी ते नीट ऐकले पाहिजे.

ऐकले नाही तर काय होते, ते मी गुंदच्या परिसरातील एका वनहक्क दाव्यात पाहिले. कागद माझ्याकडे चाळण्यासाठी आले होते. दावेदाराच्या शेजारच्या वृद्धाची जबानी त्यात होती. २००८च्या वनहक्क नियमांनुसार जाणत्या वडीलधाऱ्यांची लेखी नोंदविलेली जबानी हा पुरावा ठरतो. घरे, बांध, विहिरी, दफनाच्या जागा आणि देवस्थाने हाही पुरावाच. वृद्ध कोंकणीत बोलला आणि लेखनिकाने कन्नडमध्ये उतरवून घेतले. 'आमची कुमेरी' असे तो म्हणाला होता. कागदावर शब्द होता 'ओत्तुवरी', म्हणजे अतिक्रमण.

कुमेरी म्हणजे डोंगरउतारावरील फिरती शेती: रानाचा तुकडा तोडून जाळायचा, राखेत नाचणीसारखे धान्य पेरायचे आणि एक-दोन पिकांनंतर तो पुन्हा रानाला सोडायचा. इंग्रजी दप्तरांत तिला 'कुमरी' म्हटले आहे. सागाच्या लाकडावर डोळा ठेवून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने ती आवळत नेली. त्याच काळात सुपारीच्या बागायतदारांना बागेत पालापाचोळा घालण्यासाठी 'बेट्टा' जमिनींच्या सवलती मिळाल्या. बागायतदाराच्या हाती कागद आला. कुमेरीवाल्याच्या हाती शब्दच राहिला. तो शब्द उच्चारणे म्हणजे आपले कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या या रानात आहे असे सांगणे. लेखनिकाने दुष्टाव्याने काही केले असे मला वाटत नाही. त्याच्या शब्दकोशात रान कसणाऱ्यासाठी तेवढाच शब्द होता.

त्या एका शब्दाचे वजन कायदा न पाहता लक्षात येणार नाही. २००६च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा वास व ताबा दाखवावा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. गोव्यात कुणबी, गावडा व वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. कर्नाटकातील कुणब्यांची तीच मागणी मान्य झालेली नाही. अनमोड घाटाच्या खाली दिलेली बहीण जमातीत, वर राहिलेला भाऊ बाहेर! मग भावाने १९३०चा पुरावा आणायचा कोठून? तेव्हा मुलूख मुंबई इलाख्यात होता आणि फिरत्या शेतीला सातबारा नव्हता. त्याच्यापाशी आहेत त्या स्मशानाच्या जागा, देवाचे राखलेले रान, होळीचा मांड आणि कोन, कणगी, मुडली, करांदे या कंदांची वर्षानुवर्षांची लागवड. जोयड्यात कुणब्यांचा कंदमेळा भरतो तेव्हा शहरातले लोक कौतुकाने छायाचित्रे घेतात. माझ्या वकिली डोळ्यांना तेथे पुराव्याची यादी मांडलेली दिसते.

आम्ही त्या वृद्धाकडे पुन्हा गेलो. सोबत गोव्यात शिकलेला एक कुणबी तरुण होता. गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते, असे घटनेचे ३५०वे कलम सांगते. त्याचा आधार घेऊन जबानी कोंकणीतच, देवनागरीत लिहून काढायची आणि शेजारी कन्नड भाषांतर जोडायचे असे ठरले. 'कुमेरी', 'मांड', 'देवाचें रान' हे शब्द भाषांतरातही तसेच ठेवून प्रत्येकाचा अर्थ खाली कंसात दिला. वाचून दाखवताना म्हातारबाबांनी आम्हाला दोनदा थांबवले. एकदा ओढ्याच्या नावासाठी, आणि एकदा आम्ही 'धरणानंतर' असे लिहिले होते त्यासाठी. "धरण न्हय," ते म्हणाले, "सुपा बुडलें तेन्ना." आम्ही ते खोडून तसे लिहिले. त्यांनी अंगठा उमटवला आणि कागद ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे गेला.