दंडातल्या चार काड्या

अफू, हेरॉइन आणि त्यांच्या जातीच्या वेदनाशामकांचे व्यसन जडलेल्या माणसाला औषध रोज देण्याऐवजी ते महिनोन्महिने कातडीखाली ठेवावे, हा विचार अमेरिकेत 1970 च्या दशकात पुढे आला. त्याची मुळे केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनमध्ये आहेत. तिथे 1935 साली सरकारने एक तुरुंगवजा रुग्णालय उघडले होते. शिक्षा झालेले व्यसनी तिथे असत आणि आपणहून दाखल झालेलेही. नशेपासून कित्येक महिने दूर असलेली माणसेसुद्धा गटात बसून नशेबद्दल बोलू लागली, की त्यांना जांभया येतात, नाका-डोळ्यांतून पाणी वाहू लागते, हे तिथले संशोधक अब्राहम विकलर यांच्या ध्यानात आले. टर्की, म्हणजे नशा थांबल्यावर होणारा शरीराचा त्रास, केव्हाच ओसरलेली असे, पण शरीराला लागलेले वळण गेलेले नसे. नशा करूनही काहीच जाणवले नाही, असे वारंवार घडले तर हे वळण मोडेल, अशी विकलर यांची मांडणी होती.

त्यासाठी लागणारे औषध 1963 साली तयार झाले. नाल्ट्रेक्सोन मेंदूतल्या अफूच्या ग्राहींवर ठाण मांडते आणि हेरॉइनला तिथे शिरू देत नाही. अमेरिकेत 1984 साली त्याला व्यसनोपचारासाठी परवानगी मिळाली. प्रत्यक्षात मात्र रुग्ण ते टाळू लागले. या गोळीने बरे वाटत नाही, तलफ आली की ती सोडून द्यावी एवढेच मनात येते, आणि दोन-तीन दिवसांत वाट मोकळी होते. निर्णय रोज नव्याने घ्यावा लागतो, हीच खरी अडचण होती. ही अडचण ओळखूनच अमेरिकी सरकारच्या पैशावर 1970 च्या दशकातच हे औषध विरघळणाऱ्या मण्यांत आणि काड्यांत भरण्याचे प्रयोग सुरू झाले होते.

ही वाट पुढे अमेरिकेबाहेर अधिक रुळली. रशियात मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही अफूच्याच जातीची औषधे देऊन उपचार करण्यावर बंदी असल्याने डॉक्टरांच्या हाती नाल्ट्रेक्सोनच उरले. सेंट पीटर्सबर्गमध्ये 306 रुग्णांवर झालेल्या आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांनंतर पुन्हा व्यसनाकडे न वळता उपचारात टिकलेले रुग्ण कातडीखाली बसवायचे इम्प्लांट घेणाऱ्यांत 53 टक्के होते, तर गोळ्या घेणाऱ्यांत 16 टक्के. ऑस्ट्रेलियात पर्थमधील डॉ. जॉर्ज ओ'नील यांनी स्वतः इम्प्लांट विकसित केले आणि औषधाची नोंदणी नसताना, विशेष परवानगीच्या तरतुदीखाली, ते अनेकांना बसवले. तिथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2011 साली हे उत्पादन प्रायोगिकच ठरवले. या सावधपणाला आधार होता. नाल्ट्रेक्सोन चालू असताना शरीराची अफू पचवण्याची सवय मोडते. इम्प्लांट संपल्यावर जुन्याच मापाने घेतलेली नशा जिवावर बेतू शकते.

ब्युप्रेनॉर्फिनची तऱ्हा वेगळी. इंग्लंडमधील हल येथे 1966 साली, खसखशीच्या झाडातल्या थेबाइनपासून ते बनवले गेले. ते त्याच ग्राहींना अर्धवट चेतवते: तलफ शमते, टर्की येत नाही, पण श्वास मंदावण्याला एक मर्यादा राहते. फ्रान्समध्ये 1990 च्या दशकाच्या मध्यापासून साधे फॅमिली डॉक्टरही ते लिहून देऊ लागले आणि तिथले अतिसेवनाचे मृत्यू झपाट्याने घटले. अमेरिकेत 2002 साली जिभेखालच्या गोळ्या आल्या. या गोळ्या विकल्या जात, विसरल्या जात, घरातल्या लहान मुलांच्या हाती लागत.

यावर टायटन फार्मास्युटिकल्स या कंपनीने प्रोब्युफिन हे ब्युप्रेनॉर्फिनचे इम्प्लांट तयार केले. चपलांच्या तळव्यांत वापरतात त्याच इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट या प्लास्टिकमध्ये औषध मिसळून काड्या बनवल्या जात. काडीची लांबी 26 मिलिमीटर, जाडी 2.5 मिलिमीटर आणि तिच्यात 80 मिलिग्रॅम औषध. दंडाच्या आतल्या बाजूला भूल देऊन डॉक्टर बारीक छेद घेत आणि नळीवाटे चार काड्या पंख्यासारख्या पसरून बसवत. औषध सहा महिने झिरपत राही. मग पुन्हा छेद घेऊन काड्या काढायच्या, कारण हे प्लास्टिक विरघळत नाही.

अमेरिकी औषध प्रशासनाने 2013 साली मात्रा अपुरी असल्याच्या शंकेमुळे परवानगी नाकारली. त्यानंतर कंपनीने आधीच स्थिरावलेल्या, कमी मात्रेवर असलेल्या 177 रुग्णांवर चाचणी केली. तीत इम्प्लांट घेतलेल्यांपैकी 96.4 टक्के आणि गोळ्या घेतलेल्यांपैकी 87.6 टक्के रुग्ण यशस्वी ठरले. मे 2016 मध्ये मंजुरी मिळाली, पण त्या चाचणीतल्यासारख्या स्थिर रुग्णांपुरतीच. ज्याचे रोजचे जगणेच विस्कटले आहे, ज्याला अशा आधाराची सर्वाधिक गरज, तोच त्यातून वगळला गेला. काडी सरकण्याचा, मज्जातंतूला इजा होण्याचा धोका असल्याने प्रत्येक डॉक्टरला खास प्रशिक्षण घ्यावे लागे. एका दंडात एकदा आणि दुसऱ्यात एकदा, एवढे झाले की रुग्ण बहुधा पुन्हा गोळ्यांवर येई. सहा महिन्यांचा खर्च पाच हजार डॉलरच्या आसपास होता. विक्री वाढलीच नाही आणि 2020 च्या अखेरीस टायटनने अमेरिकेतला हा व्यवसाय गुंडाळला. युरोपात तेच इम्प्लांट 2019 साली सिक्समो या नावाने मंजूर झाले होते.

तोवर सुईने टोचायचे ब्युप्रेनॉर्फिन आले होते: अमेरिकेत 2017 साली महिन्यातून एकदा घ्यायचे सबलोकेड, युरोपात 2018 साली आठवड्याचे किंवा महिन्याचे ब्युविडाल. ते कातडीखाली घट्ट होऊन आपोआप जिरते. छेद नाही, काढायला परत येणे नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या तुरुंगांतही कैद्यांना ते दिले जाऊ लागले.