संवर्धित वास्तव आणि दूरस्थ कार्यप्रशिक्षण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
प्रत्यक्ष वस्तूवर संगणकनिर्मित रेषा, खुणा व सूचना दाखविणाऱ्या तंत्रास 'ऑगमेंटेड रिॲलिटी' अर्थात संवर्धित वास्तव असे म्हणतात. हे तंत्र आज प्रशिक्षणाचे साधन म्हणून ओळखले जात असले, तरी त्याचा इतिहास वेगळाच हेतू दर्शवितो. प्रस्तुत लेखात त्या हेतूचा मागोवा घेतला आहे.

उगम व विकास :
इ. स. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर धारण करावयाच्या दर्शकयंत्राची माहिती प्रसिद्ध केली. अर्धपारदर्शक आरशांमुळे समोरची खोली व संगणकीय आकृती त्यात एकाच वेळी दिसत. कारखान्याची गरज मात्र १९९२ मध्ये पुढे आली. बोइंग कंपनीत विमानातील तारांचे जुडगे मोठ्या फळ्यांवर, पूर्णाकृती आराखड्यानुसार बांधले जात. अशा असंख्य फळ्या तयार करणे, बदलणे व साठविणे खर्चिक होते. तेव्हा टॉम कॉडेल व डेव्हिड मिझेल यांनी आराखडा कामगाराच्या दृष्टीपुढेच दाखविण्याची कल्पना मांडली. 'ऑगमेंटेड रिॲलिटी' ही संज्ञा याच कार्यातून रूढ झाली. कामगारास शिकविणे हा तिचा मूळ हेतू नव्हता. फळ्यांवरील खर्च टाळणे हा होता.

१९९३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील स्टीव्हन फायनर, ब्लेअर मॅकिन्टायर व डोरी सेलिगमन यांनी 'कर्मा' ही प्रणाली सादर केली. लेझर प्रिंटरची देखभाल करताना कोणती खूण केव्हा दाखवावी, हे त्यात संगणक नियमांच्या आधारे ठरवीत असे.

दूरस्थ स्वरूप :
२०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने होलोलेन्ससाठी 'रिमोट असिस्ट' आणले. कामगारास दिसणारे दृश्य पाहून दूरचा तज्ज्ञ त्याच्या दृष्टिक्षेत्रातच खूण करू लागला. २०२० च्या महामारीत प्रवास थांबल्याने या सोयीचे महत्त्व वाढले. तथापि गूगलने २०२३ मध्ये ग्लासच्या औद्योगिक आवृत्तीची विक्री बंद केली, तर २०२४ मध्ये होलोलेन्स २ चे उत्पादन थांबले. म्हणजेच एका उपकरणावर बेतलेला अभ्यासक्रम त्या उपकरणाइतकाच अल्पायुषी ठरू शकतो.

निष्कर्ष :
या इतिहासातून मार्गदर्शन व प्रशिक्षण यांतील भेद स्पष्ट होतो. खुणेमागून हात चालविल्याने काम अचूक होईल. परंतु ते कौशल्य कामगाराच्या अंगी मुरलेच असे म्हणता येत नाही. म्हणून उपकरण उतरविल्यावर तो काय करू शकतो, हाच अशा प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचा निकष असावा. अन्यथा कौशल्य यंत्रात राहील आणि कामगार केवळ त्याचा हात ठरेल.