चार आठवड्यांची रजा

२१ फेब्रुवारी १७०६ या दिवशी थुरिंगिया प्रदेशातील आर्नश्टाट या लहानशा गावात चर्चच्या प्रशासकीय मंडळापुढे एका तरुण नोकराची चौकशी झाली. नोकर नव्या चर्चचा ऑर्गनवादक होता आणि त्याला एकविसावे वर्ष पूर्ण होण्यास अद्याप महिना अवकाश होता. त्याने मागील ऑक्टोबरमध्ये चार आठवड्यांची रजा घेतली होती आणि तो जवळजवळ चौपट काळ बाहेर राहिला होता. इतके दिवस कोठे होतात, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले की ल्यूबेक येथे होतो, आपल्या कलेतील काही गोष्टी समजून घ्याव्यात यासाठी गेलो होतो. परवानगी न घेता मुक्काम का वाढविला, यावर त्याचे म्हणणे असे की आपण बदली वादक नेमून गेलो होतो, तेव्हा तक्रारीला जागा राहणार नाही असे वाटले. कारकुनाने हे प्रश्न आणि ही उत्तरे टिपून ठेवली. योहान सेबास्टियन बाख या संगीतकाराच्या तरुणपणातील सर्वांत महत्त्वाच्या प्रवासाविषयी त्या काळी लिहिला गेलेला असा हा कागद आहे, आणि त्यात संगीताविषयी एवढेच आहे.

इतिहासाला अनुपस्थितीची नोंद ठेवणे सोपे जाते, कारण हजेरीपट असतो. श्रवणाची नोंद ठेवणारे दप्तर नसते. आवडत्या कलावंताला प्रत्यक्ष ऐकण्यासाठी परमुलखात गेलेल्या रसिकांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण हीच आहे. कोण गेला, किती दिवस गेला आणि परतल्यावर काय भोगले, हे कळते. काय ऐकले, हे कळत नाही.

बाखने ज्याच्यासाठी ही वाट धरली तो डीटरिश बुक्स्टेहूडे त्या वेळी अडुसष्टीच्या घरात होता. तो डेन्मार्क हीच आपली मायभूमी मानीत असे. १६६८ पासून ल्यूबेकच्या सेंट मेरीच्या चर्चमध्ये त्याची ऑर्गनवादक म्हणून नेमणूक होती, आणि वादनासोबत चर्चचे हिशेब सांभाळण्याचे कामही त्याच्याकडेच होते. आर्नश्टाटपासून ल्यूबेक सुमारे चारशे किलोमीटर. आज हा प्रवास एकाच देशातला वाटतो. १७०५ मध्ये मात्र जर्मनी हे कोणत्याही एका राज्याचे नाव नव्हते. आर्नश्टाटवर श्वार्ट्‌सबुर्ग घराण्याच्या काउंटची सत्ता होती, तर ल्यूबेक हे केवळ सम्राटाचे वर्चस्व मानणारे बाल्टिक व्यापाराचे स्वतंत्र नगर होते. मध्ये कितीतरी संस्थानांच्या सीमा होत्या. वाटेत नाणी बदलत होती आणि ल्यूबेकच्या रस्त्यांवर जी उत्तर जर्मन बोली ऐकू येई ती थुरिंगियाच्या माणसाला आपली वाटण्याजोगी नव्हती.

हे अंतर त्याने पायी तोडले, असे पुढे त्याच्या मृत्युलेखात आवर्जून सांगितले आहे. दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटरची चाल धरली तरी जाण्यास बारा-तेरा दिवस आणि येण्यास तितकेच. म्हणजे चार आठवड्यांच्या रजेत ल्यूबेकच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन दिवस उरतात. हा हिशेब बाखला करता येत नव्हता असे मानणे कठीण आहे. रजा मागतानाच ती मोडावी लागणार हे त्याला ठाऊक असावे. त्याच उन्हाळ्यात एका विद्यार्थी-वादकाच्या वादनाला नावे ठेवल्यावरून त्याची भर रस्त्यात हाणामारी झाली होती आणि ते प्रकरणही याच मंडळापुढे गेले होते. वरिष्ठांची मर्जी आपल्यावर फारशी नाही, हे त्याला कळत असणारच.

मग इतके धाडस कशासाठी? बुक्स्टेहूडेचे संगीत त्याला अपरिचित होते आणि ते मिळविण्याचा दुसरा मार्ग नव्हता, असे उत्तर पूर्वी देता येत असे. २००६ मध्ये हे उत्तर अपुरे ठरले. वायमार येथील आना अमालिया ग्रंथालयाच्या संग्रहात संशोधकांना काही जुनी स्वरलिपीपत्रे आढळली. २००४ च्या आगीत त्या ग्रंथालयाची मोठी हानी झाली होती. ही पत्रे अन्यत्र ठेवलेली असल्याने वाचली. त्यांत बुक्स्टेहूडेच्या एका विस्तृत ऑर्गनरचनेची बाखने स्वतःच्या हाताने केलेली नक्कल होती, आणि ती त्याच्या वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमाराची ठरली. आई-वडील गेल्यावर तो त्या वेळी ओर्डरूफ येथे थोरल्या भावाच्या आश्रयाला होता. म्हणजे ल्यूबेकची वाट धरण्यापूर्वी सहा-सात वर्षे बुक्स्टेहूडेचे कागदावर उतरलेले संगीत त्याच्या हाती होते, डोळ्यांखालून गेले होते, बोटांतही आले असावे. तरीही तो गेला.

या 'तरीही'चा अर्थ लागायचा तर त्या वाद्याकडे पाहावे लागते. मराठी वाचकाच्या परिचयाचा ऑर्गन म्हणजे संगीत नाटकाच्या साथीचा, पायाने भाता हलवून वाजविण्याचा. नाटक कंपनीच्या सामानाबरोबर तो गावोगाव फिरू शके. चर्चचा ऑर्गन हे नळ्यांचे वाद्य इमारतीचाच एक अवयव असते. ते हलत नाही, आणि एकासारखे दुसरे नसते. आर्नश्टाटचा ऑर्गन नवा आणि चांगला होता, पण त्याला हातांसाठी पट्ट्यांच्या दोन ओळी आणि नळ्यांचे वीस-बावीस संच होते. सेंट मेरीच्या मोठ्या ऑर्गनला तीन ओळी, पन्नासहून अधिक संच आणि पायांनी वाजवायच्या पट्ट्यांसाठी अतिशय खोल, जाड स्वरांच्या नळ्या होत्या. शिवाय त्याच इमारतीत दुसरा लहान ऑर्गनही होता. विटांनी बांधलेल्या त्या गॉथिक चर्चचे छत जमिनीपासून अडतीस मीटरांवर आहे. तेथे उमटलेला स्वर लगेच विरत नाही. पुढच्या स्वरात मिसळतो, आणि वादकाला त्या मिसळण्याचा अंदाज घेऊन थांबावे लागते. कोणत्या नळ्या कोणाबरोबर उघडायच्या, किती थांबायचे, हे कागदावर नसते. उत्तरेकडील या वादकांची कीर्ती तर लिहिलेल्या रचनेइतकीच उत्स्फूर्त वादनावर आधारलेली होती. नियमबद्ध बांधणीतून एकदम मुक्त विहारात शिरायचे आणि पुन्हा बांधणीकडे यायचे, ही त्यांची रीत. स्वरलिपीत त्या रीतीचा सांगाडा उरतो. बंदिशीची वही हाती असून गवयाला समोर बसून ऐकण्याची निकड ज्याने अनुभवली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ल्यूबेकचे दुसरे आकर्षण होते 'आबेंडमुझीक', म्हणजे संध्यासंगीत. चर्चच्या उपासनेचा भाग नसलेला हा जाहीर जलसा बुक्स्टेहूडेच्या आधीच्या वादकाच्या काळापासून चालत आला होता. बुक्स्टेहूडेने त्याला मोठे रूप दिले आणि नाताळपूर्वीचे ठरावीक रविवार बांधून दिले. खर्च शहरातील व्यापारी देत, प्रवेशाला मोल नसे, आणि श्रोत्यांसाठी गीतांची संहिता छापली जाई. फुकट प्रवेशाचे परिणामही होत. गर्दी आवरण्यासाठी पहारेकरी नेमावे लागत. १७०५ मध्ये या नित्य जलशांखेरीज दोन विशेष प्रयोग झाले. त्या वर्षीच्या मेमध्ये सम्राट लिओपोल्ड पहिला मरण पावला होता आणि त्याचा पुत्र योझेफ गादीवर आला होता. २ डिसेंबरला दिवंगत सम्राटाचा शोकसोहळा आणि ३ डिसेंबरला नव्या सम्राटाचा गौरवसोहळा संगीतातून साजरा झाला. छापील संहितांवरून कळते की पहिल्या दिवशी कर्ण्यांचे आवाज दाबून वाजविले गेले आणि दुसऱ्या दिवशी पंचवीस व्हायोलिनांनी एकाच स्वरपंक्तीत वादन केले.

बाखची रजा नोव्हेंबरातच संपली होती. तो या दोन संध्याकाळी तेथे होता असे कोणी लिहून ठेवलेले नाही. तो वादकांत बसला होता, असेही काही चरित्रकार सुचवितात, ते अनुमानच होय. पण हे प्रयोग झाले तेव्हा तो त्या गावात होता आणि ऐकण्यासाठीच होता. दैवदुर्विलास असा की या दोन्ही कृतींच्या संहिता उरल्या आणि संगीत नष्ट झाले. पुढे २८-२९ मार्च १९४२ च्या रात्री ल्यूबेकवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात सेंट मेरीचे चर्च जळाले. दोन्ही ऑर्गन भस्मसात झाले. मनोऱ्यातून कोसळून फुटलेल्या घंटा जेथे पडल्या तेथेच स्मारक म्हणून ठेवलेल्या आहेत. बाखने ऐकलेल्या रचना गेल्या आणि ज्यावर त्या वाजल्या ती वाद्येही गेली.

या प्रवासाला जोडून एक लग्नाची गोष्ट नेहमी सांगितली जाते. १७०३ मध्ये माटेझोन आणि हेंडेल हे दोन तरुण हॅम्बुर्गहून ल्यूबेकला गेले होते. बुक्स्टेहूडेची जागा हवी असेल तर त्याच्या मुलीशी लग्न करावे लागेल, अशी अट असल्याचे कळताच ते वाद्ये वाजवून, पाहुणचार घेऊन परतले. बाखपुढेही ही अट ठेवली गेली होती, या सांगण्याला कागदाचा आधार नाही. गोष्ट मनोरंजक आहे. तिच्यामुळे प्रवासाचे मूळ कारण झाकले जाते, एवढाच तिचा दोष.

मूळ कारण ज्याने नेमके सांगितले तो बाखचा मुलगा कार्ल फिलिप एमान्युएल. वडिलांच्या निधनानंतर एका शिष्याच्या साहाय्याने त्याने लिहिलेला मृत्युलेख १७५४ मध्ये प्रसिद्ध झाला. ल्यूबेकच्या प्रवासाला त्यात दोनच वाक्ये मिळाली आहेत, पण चांगल्या ऑर्गनवादकांना शक्य तितके ऐकावे या अनिवार ओढीने बाख निघाला, हे तेथे स्पष्ट आहे. बुक्स्टेहूडेला 'ऐकण्यासाठी' असे म्हणताना लेखाने साधे क्रियापद वापरलेले नाही. 'बेहोर्शेन' हा तेथील शब्द कान लावून, टेहळणी केल्यासारखे, जवळजवळ चोरून ऐकणे सुचवितो. 'शिकण्यासाठी' असे म्हणता आले असते. ते म्हटलेले नाही. याच लेखात आणखी एक प्रसिद्ध प्रसंग आहे: भावाने कपाटात ठेवलेला रचनांचा संग्रह मुलाने जाळीतून काढून सहा महिने चंद्रप्रकाशात उतरवून घेतला आणि भावाने ती नक्कल जप्त केली. लपूनछपून उतरविणे आणि चोरून ऐकणे यांत एकच वृत्ती दिसते. भारतीय वाचकाला येथे गुरूच्या शोधात घर सोडणाऱ्या मुलाची परिचित कथा पाहण्याचा मोह होईल. तो आवरावा. बाख पगारी नोकर होता, बदलीचा माणूस नेमून निघाला होता, आणि बुक्स्टेहूडेने त्याला शिष्य केल्याची नोंद नाही. भक्तीच्या नऊ प्रकारांत श्रवणाला पहिले स्थान आहे, ती उपमा फार तर चालेल. पण हा श्रोता ऐकून तृप्त होणारा नव्हता, ऐकलेले घेऊन जाणारा होता.

एमान्युएलविषयी योगायोगाची एक गोष्ट अशी की त्याच्याच घरी, १७७२ च्या ऑक्टोबरमध्ये, ऐकण्यासाठी आलेला एक परदेशी पाहुणा बसला होता. इंग्लंडचा संगीतेतिहासकार चार्ल्स बर्नी युरोपातील संगीताची स्थिती स्वतःच्या कानांनी पारखण्यासाठी फिरत हॅम्बुर्गला पोहोचला होता. एमान्युएलच्या छापील रचनांचा तो आधीपासूनच चाहता होता. आपण येथे पन्नास वर्षे उशिरा आलात, असे यजमानाने त्याला शहरातील संगीताच्या अवस्थेविषयी ऐकविले, आणि मग जेवणानंतर क्लॅव्हिकॉर्डपुढे बसून रात्री अकराच्या सुमारापर्यंत जवळजवळ अखंड वाजविले. क्लॅव्हिकॉर्डचा आवाज इतका नाजूक की तो त्याच खोलीत बसून ऐकावा. १७७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात बर्नीने वादकाची स्थिर झालेली नजर, सैल पडलेला खालचा ओठ, चेहऱ्यावरचा घाम इतके सारे टिपले. वडिलांच्या श्रवणाला दोन वाक्ये देणाऱ्या मुलाच्या वादनाला असा साक्षीदार लाभला. मात्र बर्नीचे वर्णन पुन्हा वाचले तर लक्षात येते की पाहिलेले त्यात पुष्कळ आहे आणि ऐकलेले थोडेच. लेखनात कुशल असलेल्या श्रोत्याचीही तेथे दमछाक झाली. बाखने तो प्रयत्न केलाच नाही. ल्यूबेकविषयी त्याच्या हातची एक ओळही मिळत नाही.

मात्र चौकशीच्या त्या कागदात आणखी एक तक्रार आहे. हा वादक स्तोत्रांच्या साथीत चमत्कारिक फेरफार करतो, भलतेच स्वर मिसळतो आणि त्यामुळे गाणारी मंडळी गोंधळतात, असे मंडळाने सुनावले. हे ल्यूबेकहून आणलेले स्वर होते, असे अनेकांनी लिहिले आहे. नोंदीत 'आजपर्यंत' असा शब्द आहे, तेव्हा दोष पूर्वीचाही असू शकतो आणि हे विधान जपून करावे लागते. तथापि कोणी काय ऐकले याविषयीचे त्या सबंध प्रकरणातील एकमेव विधान या तक्रारीतच आहे, आणि ते न आवडलेल्या श्रोत्यांचे आहे. वादन फार लांबते, असे पूर्वी सांगितल्यावर याने ते एकदम फार आखूड केले, अशीही कुरकुर तेथे नोंदलेली आहे. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन सामूहिक संगीत करणार की नाही, हे आठ दिवसांत कळवावे, असे त्याला बजावण्यात आले.

आठ दिवसांचे आठ महिने झाले. ११ नोव्हेंबर १७०६ रोजी मंडळाने पुन्हा विचारले. लेखी कळवितो, असे त्याने सांगितले. पुढच्या वर्षी ९ मे रोजी ल्यूबेकमध्ये बुक्स्टेहूडे मरण पावला. २९ जूनला बाखने आर्नश्टाटच्या ऑर्गनच्या किल्ल्या परत केल्या आणि तो म्यूलहाउझेनच्या नव्या नोकरीवर निघून गेला.