जुन्या सायकलीवरचा मजकूर

मंडळी, इतिहास म्हटला की आपण ताम्रपट आणि शिलालेखांकडे धावतो. आज मी आपणांस गोठ्यात, भिंतीशी टेकवून ठेवलेल्या सायकलीकडे नेणार आहे.

बुलढाण्याजवळ पैनगंगेच्या उगमाकडच्या मुलखात देऊळघाट नावाचे गाव आहे. तिथे काय, खुद्द बुलढाण्यालाही आगगाडी नाही. ती गाठायची तर राजूरचा घाट उतरून मलकापूरला जावे लागते. अशा मुलखात सायकल ही चैन नव्हे, गरज होती. देऊळघाटात म्हणा, आपल्या गावी म्हणा, कुणा घरी आजोबांची सायकल असेल आणि नातू पॉलिश पेपर व काळ्या रंगाचा डबा घेऊन तिच्यापुढे बसला असेल, तर त्याला सांगा, "बाबा रे, जरा थांब. आधी ती वाचून घे."

वाचायचे काय? हँडलखालच्या उभ्या नळीवरची पाटी, आणि नळ्यांवरची सोनेरी अक्षरे व चित्रे. रॅलेची खूण बगळ्याचे डोके, बी. एस. ए.ची खूण एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. ती कंपनी मुळात बर्मिंगहॅमची बंदुका करणारी, म्हणून हे चित्र! पण खरी गंमत मोठ्या अक्षरांत नाही, त्याखालच्या बारीक ओळीत आहे. हर्क्युलिस १९१० पासून बर्मिंगहॅमला होत असे. १९४९ साली मद्रासकडे टी. आय. सायकल्स ही कंपनी निघाली आणि अंबत्तूरला त्याच नावाची सायकल बनू लागली. रॅले नॉटिंगहॅमची, सेन-रॅले आसनसोलची. दोन्ही काळ्या, दोन्ही उंच, दुरून जुळ्या बहिणी. "मेड इन इंग्लंड" की "मेड इन इंडिया" एवढाच काय तो फरक, आणि तो सांगणारी ओळ बोटभर लांब. परक्याची सायकल विकत घेणारा देश ती स्वतः बनवू लागला, त्याचा पुरावा आपल्या गोठ्यात आहे. पॉलिश पेपरचे चार हात मारले की तो गेला.

कधी कधी हा पुरावा घरच्या मंडळींना खोटे पाडतो, बरं का! "ही इंग्रजांच्या राज्यातली" असे सांगतात, आणि नळीवर असते ॲटलस. ॲटलसचा सोनीपतचा कारखाना निघाला १९५१ मध्ये. मुंबईला वरळीत हिंद सायकल्स होती. ती आणि सेन-रॅले या दोन्ही सरकारने १९८० च्या कायद्याने आपल्याकडे घेतल्या. आता ॲटलसचेही कारखाने बंद झाले, शेवटचा साहिबाबादचा २०२० मध्ये. विचारायला जावे तर दारच उरले नाही.

आता हा रंग चढत कसा असे? घासूनपुसून साफ केलेला सांगाडा काळ्या रोगणात बुडवीत आणि भट्टीत भाजीत. जुन्या काळ्या रोगणात डांबराच्या जातीचा पदार्थ असे. तो भट्टीची आच सोशी आणि कठीण होई. काळ्या सायकली जास्त का, याचे एक कारण हे. मग कुशल कारागीर बारीक कुंचल्याने सोनेरी रेघ ओढी. नीट पाहा, हाताची रेघ सुरुवातीला किंवा शेवटाला किंचित जाड-बारीक असते. अक्षरे मात्र छापाची. कागदावर डिंकाचा थर, त्यावर चित्र. पाण्याने कागद सुटे, चित्र नळीवर राही, आणि वरून पारदर्शक रोगणाचा हात. पुष्कळदा त्यातले सोने म्हणजे पितळेसारख्या धातूची पूड. वरचे रोगण झिजले की ती उघडी पडते, आणि कापडाने दोनदा घासली की निघून जाते.

म्हणून पेट्रोल नको, थिनर नको. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण, पिळलेले मऊ फडके, आणि अक्षरांवर दाब न देता कापसाचा बोळा. मग लगेच कोरडे करावे. पितळी पाटी चिंचेने लखलखीत करण्याचा आपल्या घरोघरचा मोह आवरा. खाचांतला रंग चिंच खाऊन टाकते. दसऱ्याला पूजेआधी तैलरंगाचा हात मारण्याच्या हौसेनेही किती अक्षरे झाकली गेली असतील! मूळ रंग पाहायचा असेल तर आडव्या नळीवरचे रेग्झीनचे कव्हर उसवा, मडगार्डाची पट्टी सैल करा. तिथे ऊन पोहोचलेले नसते.

गुरुजी, हे काम वर्गाला द्यावे. मुलांनी अक्षरे कागदावर उतरावीत, पायडलांच्या दांड्याखाली किंवा सीटच्या नळीजवळ ठोकलेला आकडा शोधावा, फोटो घ्यावा. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा तुंबा असेल तर त्यावर बहुधा सालाचे दोन आकडे सापडतात. नगरपालिकेचा बिल्ला मिळाला, तर सोन्याहून पिवळे.

गंजाने नळीच खाल्ली असेल तर रंग द्यावाच लागेल. मी काही हट्ट धरीत नाही. मात्र जुन्या रंगात शिसे असू शकते. कोरडे घासून धूळ उडवू नका, पाणी लावून घासा, मुलांना लांब ठेवा. अक्षरांभोवतीचा भाग शाबूत असेल तर तेवढा सोडून बाकीचे रंगवा. आणि ॲटलसच्या सांगाड्यावर रॅलेचा बगळा चिकटवू नका. असले नवे छाप बाजारात मिळतात, म्हणूनच सांगतो. सारे नव्याने केलेच, तर पायडलांच्या दांड्याखाली, जिथे सहसा कुणी वाकून पाहत नाही तिथे, बारीक कुंचल्याने साल घालून लिहा : रंग नवा, छाप नवे.