जकात गेली, अनुदान आलं

नगरपालिकेच्या नोकरीत मी आधी जकात नाक्यावर कारकून होतो आणि पुढे लेखा विभागात गेलो. गावचा पैसा येतो कसा आणि जातो कसा, हे दोन्ही जवळून पाहिलं. नगरपालिकेची तिजोरी रिकामी का, असा विषय निघाला की लोक नगरसेवकांकडे बोट दाखवतात, नाहीतर मुख्याधिकाऱ्यांकडे. त्यात तथ्य नाही असं नाही. पण जकातीचा इतिहास चाळला तर वेगळंच दिसतं. कर गोळा करायची दगदग गावाची, आणि तो ठेवायचा की काढायचा हे ठरवणारे कायम गावाबाहेरचे.

मराठी राज्यात वाटेवरच्या आणि पेठांमधल्या चौक्यांवर जकात घेतली जाई. इंग्रजी अंमलात १८४४ च्या १९ व्या कायद्याने मुंबई इलाख्यातले शहरांत घेतले जाणारे असे कर बंद झाले. जेमतेम सहा वर्षांनी, १८५० साली, २६ वा कायदा आला. गावकऱ्यांना हवी असेल तिथे नगरपालिका काढता येईल आणि रस्ते, दिवे, सफाई यांसाठी कर बसवता येईल, अशी त्यात सोय होती. मालावरचा करही त्यात बसत होता. घरपट्टीचा माणूस थेट दारात येऊन पैसे मागतो, त्यामुळे ती टोचते. जकात गुळाच्या, तेलाच्या, कापडाच्या भावात मुरून जाते आणि देणाऱ्याला आपण कर दिला हे जाणवतही नाही. आपल्याकडच्या नगरपालिकांनी जकातीलाच जवळ केलं, त्यात नवल काही नाही. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, तोवर इलाख्यातल्या बऱ्याच गावांच्या वेशीवर नाका उभा होता.

नाक्यावरचं काम बाहेरून वाटायचं तितकं सोपं नव्हतं. ट्रक थांबला की ड्रायव्हर बिल्टी आणि बीजक घेऊन खिडकीशी यायचा. काही मालावर वजनाप्रमाणे जकात, काहींवर किमतीप्रमाणे. दरांची लांबलचक यादी भिंतीवर लावलेली असली तरी जुन्या कारकुनांना ती तोंडपाठ असायची. किमतीवर जकात असलेल्या मालाचं बीजक हमखास कमी रकमेचं, आणि वजनावर असलेल्या मालाचं वजन हमखास हलकं. कार्बन घालून पावती फाडायची: एक प्रत ड्रायव्हरला, एक कार्यालयाला, एक पुस्तकात. पाळी संपली की रोकड आणि पावत्यांचा मेळ घालायचा आणि सकाळी भरणा करायचा. आदल्या दिवशी गावात किती पैसा आला, हे दुपारच्या आत मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर असे. दिवाळीच्या आधी आकडा चढायचा, भर पावसात उतरायचा. त्या आकड्याकडे बघून ठेकेदाराचं बिल काढायचं की थांबवायचं, ते ठरायचं.

नाक्याचं कौतुक मात्र मी करणार नाही. रात्री-अपरात्री गाड्यांची रांग लागे, डिझेल जळे, भाजीपाला सुके. माल गावात उतरायचाच नसला तरी गाडी सुटत नसे. पुढे जाणाऱ्या गाडीकडून आत येताना अनामत घ्यायची आणि बाहेर पडण्याच्या नाक्यावर माल पुरता आहे हे पाहून ती परत करायची. ‘साहेब, जाऊ द्या ना, उशीर झालाय,’ असं म्हणत पुढे सरकवलेली नोट घेणारेही होतेच. महापालिकांच्या कायद्यात जकात चुकवल्यास दहापट दंडाची तरतूद होती, आणि तडजोडीचा धंदा त्या दंडाच्या भीतीवरच चाले. काही महापालिकांनी तर वसुलीच खासगी ठेकेदारांकडे दिली.

कायद्याचा कीस काढायलाही जकातीत भरपूर वाव होता. बेळगावचा खटला त्यासाठी प्रसिद्ध आहे. बर्मा शेल कंपनीचा तिथे पेट्रोलजन्य मालाचा डेपो होता. माल डेपोत यायचा. त्यातला काही कंपनी स्वतः वापरायची, काही गावातच खपायचा, काही विक्रेते विकत घेऊन हद्दीबाहेर न्यायचे आणि काही कंपनी स्वतःच बाहेरच्या ठिकाणी पाठवायची. बेळगाव बरो म्युनिसिपालिटीचं म्हणणं, सगळ्यावर जकात द्या. कंपनीचं म्हणणं, जो माल गावात वापरलाच जात नाही त्यावर कसली जकात? साठच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला. गावात वापरलेल्या मालावर जकात लागेल. गावात विकलेल्या मालावरही लागेल, मग घेणारा तो कुठेही नेवो. पण कंपनीने न विकता स्वतःच बाहेर पाठवलेल्या मालावर लागणार नाही. वापर, उपभोग किंवा विक्री, या तीन कारणांसाठी आलेला माल तेवढा जकातपात्र.

ही तीन कारणं तेव्हा राज्यघटनेतच होती. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत ५२ व्या क्रमांकाची नोंद होती: स्थानिक क्षेत्रात उपभोगासाठी, वापरासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावरचा कर. नोंद राज्यसूचीत, म्हणजे अधिकार राज्याचा. राज्याने कायदा करून तो नगरपालिकांना वापरायला दिलेला. १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत मानाचं पान दिलं. बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठ्यापासून स्मशानभूमीपर्यंत १८ कामं मोजून लिहिली. करांची मात्र अशी यादी नाही. कोणते कर द्यायचे, हे विधिमंडळावर सोडलं. कामं घटनेतून आली आणि पैसा राज्याच्या मर्जीवर राहिला.

ती मर्जी १९९९ मध्ये फिरली. महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची जकात रद्द झाली आणि बदल्यात अनुदान सुरू झालं. मी तेव्हा लेखा विभागात होतो. रोजच्या भरण्याच्या जागी मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहणं आलं. अनुदान आलं की आधी पगार, मग वीजबिल, उरलं तर गटार. हप्ता लांबला की सफाई कामगारांचा पगार लांबणार, आणि तो का लांबला हे त्यांना समजावून सांगायचं काम आमच्याकडे. व्यापारी खूश होते, ट्रकवाले खूश होते, आणि त्यांचं चूकही नव्हतं.

महापालिकांची जकात आणखी काही वर्षं टिकली. २०१० पासून काही ठिकाणी तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. २०१३ मध्ये तो पुण्यासह इतर महापालिकांत येताच व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. नाका गेला तरी हिशेब तपासायला महापालिकेचा माणूस दुकानात येणार, ही त्यांची तक्रार. ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांचा एलबीटी माफ झाला. मुंबईने जकात शेवटपर्यंत ठेवली होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दचे नाके शांत झाले. त्याआधीच, १०१ व्या घटनादुरुस्तीने, ५२ वी नोंद राज्यसूचीतून वगळली होती. त्याच जुलैत मुंबई महापालिकेला भरपाईचा ६४७ कोटींचा पहिला धनादेश समारंभाने देण्यात आला. २०१६-१७ हे वर्ष पायाभूत धरून दरसाल आठ टक्के वाढ देण्याची हमी राज्याच्या कायद्यात आहे. रक्कम मोठी आहे. पण शहर वाढलं, बाजार फुगला, तरी महापालिकेच्या वाट्याला ठरलेलीच वाढ येणार.

राहिली घरपट्टी. तीही पूर्णपणे हातात नाही. २०२२ मध्ये मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, तो राज्याच्या निर्णयाने. माफीचं श्रेय सरकारला आणि खड्डा महापालिकेच्या अंदाजपत्रकात.

नाके परत उभे करा, असं नाक्यावर बसलेला माणूस तरी म्हणणार नाही. मागणी साधी आहे. गावात होणाऱ्या खरेदी-विक्रीतून सरकारला जो जीएसटी मिळतो, त्यातला ठरावीक टक्का गावाचा म्हणून कायद्यात लिहा आणि तो थेट नगरपालिकेच्या खात्यात जमा करा. मग खर्चाचा जाब लोकांनी नगरपालिकेला खुशाल विचारावा. आज तो विचारला की मंत्रालयाकडे बोट दाखवायची सोय आहे, आणि ती सोय बऱ्याच जणांना मानवलेली आहे.